तेविसांतली एक

योगिनी अमेरिकेहून आली की पहिले दोन दिवस भामाबाई तिला मनसोक्त झोपू देत आणि तिसऱ्या दिवसापासून कामाला जुंपत. काम म्हणजे भेटीगाठी. मधल्या काळात कुणाकडं बारसं झालेलं असे, कुणी नवं घर घेतलेलं असे, कुणाकडचं माणूस गेलेलं असे. लेक साता समुद्रापलीकडं गेली म्हणून समाजातलं येणं-जाणं सुटत नाही, उलट लेकीच्या वाटणीचंही आईलाच निभवावं लागतं, असं भामाबाईंचं म्हणणं होतं. त्यामुळे लेक हाती लागली की त्या तिला घेऊन अर्धं हैदराबाद पालथं घालत.

या खेपेलाही तिसऱ्या सकाळी जामबागच्या घरात मायलेकी तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. योगिनीचे वडील भगवंतराव खिडकीशी पेपर वाचत होते.

"आज गौलीगुड्याला जाऊन येऊ," भामाबाई म्हणाल्या. "सावित्रीबाईकडं. समाचाराला."

"कोण गेलं?"

"तिचा धाकटा. विक्रम. तुझ्याच अमेरिकेत शिकायला होता की. कसल्या तरी लफड्यात सापडला, पोलिसांनी धरलं, जेलात टाकलं. तिथंच बरंवाईट करून घेतलं पोरानं. दसऱ्याच्या आसपास. तुला फोनवर सांगितलं नाही, म्हटलं तू तिकडं, कशाला जिवाला घोर."

योगिनीच्या हातातली शेंग तशीच राहिली. "आडनाव काय त्यांचं?" तिनं विचारलं. उत्तर तिला ठाऊक होतं. तरी माणूस विचारतं. ऐनवेळी उत्तर बदलेल अशी एक वेडी आशा असते.

"बिराजदार. माझ्या माहेरगावची ती, उदगीरकडची. म्हणून तर जायलाच पाहिजे."

योगिनीनं शेंग सोलली, दाणे ताटात टाकले आणि पुढची शेंग उचलली. दुसरं काय करणार होती? आई, त्या मुलावर आरोप ठेवावा म्हणून ज्यांनी हात वर केले त्यांत माझाही हात होता, हे काही तुरीच्या शेंगा सोलता सोलता सांगण्याजोगं नव्हतं. आणि सांगायची तिला मुभाही नव्हती.

त्याचं असं झालं होतं. आदल्या वर्षी योगिनीला तिकडच्या कोर्टाचं बोलावणं आलं. नागरिकत्व घेतलेल्या माणसाला ते कधी ना कधी येतंच. ग्रँड ज्युरीत बसायचं होतं. नाव मोठं भारदस्त, प्रत्यक्षात ते तेवीस साधे लोक असतात. कुणी शाळेत शिकवतं, कुणी ट्रक चालवतं, कुणी निवृत्त होऊन परसात टोमॅटो लावतं. एखाद्यावर मोठ्या गुन्ह्याचा खटला भरायचा तर सरकारी वकिलाला आधी या लोकांची संमती घ्यावी लागते. आरोपी दोषी आहे की नाही हे त्यांनी ठरवायचं नसतं, खटला भरण्याजोगं काही आहे का, एवढंच बघायचं असतं. त्या खोलीत न्यायाधीश नसतो, बहुतेक वेळा आरोपी नसतो, त्याच्या बाजूनं बोलणारा वकीलही नसतो. सरकारी वकील आपली बाजू मांडतो, एखादा पोलीस साक्ष देतो, मग ते बाहेर जातात आणि आतले लोक हात वर करतात. बारा हात वर झाले की आरोप पक्का. आत काय झालं ते बाहेर कुणालाही, कधीही सांगायचं नाही, अशी शपथ घेतलेली असते.

शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. भगवंतरावांनी ती उभी हयात पगार घेऊन चढली होती, नामपल्लीच्या फौजदारी कोर्टात कारकून म्हणून लागले आणि मोठे कारकून म्हणून निवृत्त झाले. आपली लेक कोर्टात न्यायाच्या कामाला बसते हे त्यांना कळतं तर त्यांनी सगळ्या जामबागेत पेढे वाटले असते. योगिनीनं ठरवलं होतं की फोनवर सांगायचं नाही, प्रत्यक्ष जाऊन समोर बसून सांगायचं आणि त्यांचा चेहरा बघायचा. दर गुरुवारी ती ऑफिसातून सुटी घेऊन जायची, आणि पहिले काही गुरुवार तिला आपलं आपल्यालाच कौतुक वाटत होतं. मग तो एक गुरुवार आला, आणि त्यानंतर बाबांना काही सांगायची तिची इच्छाच मेली.

त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीआधी बरीच प्रकरणं उरकायची होती. सरकारी वकीलबाईंनी पुढच्या आरोपीचं नाव वाचलं. विक्रम बिराजदार. त्यांच्या तोंडात ते नाव पार मोडून गेलं होतं, तरी योगिनीला ते उमगलं. बिराजदार म्हणजे आपल्याच भागातले, उदगीर-बिदरकडचे. समोरच्या रांगेतल्या दोघांनी मागं वळून तिच्याकडं पाहिलं. त्या खोलीत तसल्या नावाची ती एकटीच होती. कुणी आरोपीला ओळखतं का, असं विचारलं गेलं. ती ओळखत नव्हती, म्हणून गप्प राहिली. ते खरंच होतं.

प्रकरण साधं होतं. एका एकट्या राहणाऱ्या म्हातारीला कुणी तरी फोनवर फसवलं. तुमचं खातं धोक्यात आहे, घरातलं सोनं आमच्या माणसाकडं सुरक्षित ठेवायला द्या, असं सांगितलं. सोनं न्यायला जो माणूस आला तो हा मुलगा. मोबाईलवरून मिळालेलं काम, इथून खोका उचलायचा आणि तिथं पोचवायचा. खोक्यात काय आहे ते त्याला ठाऊक होतं का, हाच सगळा प्रश्न होता. ठाऊक असेल तर गुन्हा, नसेल तर नाही.

मग त्यांनी म्हातारीच्या दाराच्या कॅमेऱ्यातलं चित्रण दाखवलं. दार उघडलं, म्हातारी खोका घेऊन उभी राहिली आणि मुलगा एकदम खाली वाकला. "इथं आरोपीचं लक्ष कॅमेऱ्याकडं गेलं," पोलीस म्हणाला. "त्यानं चेहरा लपवला. आपण काय करतोय हे त्याला पक्कं माहीत होतं." खोलीत माना हलल्या.

योगिनीनं मात्र वेगळंच पाहिलं होतं. मुलगा कंबरेत वाकला होता. त्याचा उजवा हात म्हातारीच्या पायांच्या दिशेनं पुढं गेला होता आणि परत येऊन त्याच्या स्वतःच्या छातीला लागला होता. म्हातारी बिचकून मागं सरली होती. मग त्यानं खोका दोन्ही हातांनी घेतला होता. हे लपणं नव्हतं. तो पाया पडत होता. लहानपणापासून शेकडो वेळा आपण जसे पडलो तसा, आणि परक्या मुलखात, परक्या म्हातारीच्या, तिला कळणार नाही हे विसरून.

आता पाया पडणारा चोर नसतो असं काही कुणी लिहून दिलेलं नाही. देवळात दंडवत घालून बाहेर दुसऱ्याच्या चपला नेणारे आपण पाहिलेच आहेत. पण ज्याला लुबाडायचं त्याच्या पाया आधी पडावं, हे जरा विचार करायला लावणारं आहे, आणि तो विचार त्या खोलीत एकच माणूस करू शकत होतं.

"कुणाला काही विचारायचं आहे?" वकीलबाईंनी विचारलं.

योगिनीनं तोंड उघडलं. समोरच्या रांगेतला एकजण पुन्हा वळला. तिला वाटलं, आता मी बोलले की हे म्हणणार, आली आपल्या माणसाची बाजू घ्यायला. न्यायाच्या जागी आपला-परका बघू नये, हे तर बाबांनीच शिकवलं होतं. आणि बाबांचंच आणखी एक वाक्य तिच्या मदतीला धावून आलं. चार्जशीट म्हणजे शिक्षा नव्हे, नुसतं दार उघडणं आहे, खरं-खोटं पुढं आत होतं. पुढं खटला होईल, तिथं याचा वकील असेल, तो सांगेल ना सगळं. तिनं तोंड मिटलं आणि ती मूग गिळून बसली. वकीलबाई बाहेर गेल्या, हात वर झाले, आणि योगिनीचाही झाला. इतरांपेक्षा जरा लवकरच झाला, कारण कुणाला शंका यायला नको होती.

"बाबा," शेंगा संपल्यावर तिनं विचारलं, "कोर्टात घेतलेली शपथ कुणी मोडली तर?"

भगवंतरावांनी पेपर खाली केला. कोर्टाचं नाव निघालं की त्यांना तरतरी येत असे. "कसली शपथ?"

"कुणाला काही सांगायचं नाही अशी."

"मग मरेपर्यंत तोंडाला कुलूप. त्यात विचारायचं काय?"

"आणि चार्जशीट झालं, पण खटला उभा राहायच्या आतच आरोपी मेला, तर?"

"तर काय. आरोपी मयत, प्रकरण बंद. फाईल खाली तळघरात." ते पुन्हा पेपरात शिरले. "सावित्रीबाईच्या पोराचं तसंच झालं की. परदेशी मुलगा, पळून जाईल म्हणून जामीन दिला नाही, आणि खटल्याची तारीख काही लागेना. आत बसून बसून पोरगं खचलं."

दुपारी योगिनीनं डोकं दुखतंय म्हणून पाहिलं. भामाबाईंनी बाम आणून दिला आणि रिक्षा बोलावली. रस्त्यात त्या सांगत राहिल्या. सावित्रीबाईचा नवरा पोरं लहान असतानाच गेला. थोरला कुलदीप आबिड्सला कापडाच्या दुकानात लागला आणि त्यानं धाकट्याला शिकवलं. कुलदीपची बायको रेणू गुणाची आहे. पण सावित्रीबाई काही नीट जेवत नाही, रडत नाही, येईल त्याला एकच प्रश्न विचारत बसते. लोक आता तिकडं जायला कंटाळतात.

"काय विचारते?"

"तिथं तेवीस लोक बसले होते म्हणे पोराचा फैसला करायला. त्यांच्याबद्दल. माझ्या डोक्यात शिरत नाही ते. तू तिथली आहेस, तू नीट समजावून सांग. म्हणजे तिच्या डोक्यातून जाईल."

योगिनीनं बाहेर पाहिलं. गौलीगुड्याच्या बस स्टँडसमोर रिक्षा अडकली होती आणि रिक्षावाला शांतपणे आरशात केस सारखे करत होता. इथून उतरावं आणि मिळेल त्या बसमध्ये बसून जावं असं तिला अगदी मनापासून वाटलं. रिक्षा हलली.

गल्लीतलं घर दुसऱ्या मजल्यावर होतं. दार रेणूनं उघडलं. तिशीच्या आतली, डोळ्यांखाली काळं आलेलं. "आंटी, एक रिक्वेस्ट आहे," ती जिन्यातच हळू म्हणाली. सासूला ती आत्याबाई म्हणायची. "आत्याबाई विचारतील ते. तुम्ही काहीही सांगा, पण माहीत नाही असं नका म्हणू. माहीत नाही ऐकलं की दोन-दोन दिवस तोंडात घास घेत नाहीत. मी परेशान झालेय."

सावित्रीबाई आतल्या खोलीत चटईवर भिंतीला टेकून बसल्या होत्या. अंगानं मुळातच बारीक असाव्यात, आता नुसत्या लुगड्यात गुंडाळल्यासारख्या दिसत होत्या. समोर ताट होतं. भाकरीचा एक कोपरा मोडलेला, बाकी सगळं जिथल्या तिथं. भामाबाईंनी त्यांना जवळ घेतलं आणि पदर डोळ्यांना लावला. सावित्रीबाईंचे डोळे कोरडेच होते. त्या भामाबाईंच्या खांद्यावरून योगिनीकडं बघत होत्या.

"भामाक्का, ही तुझी योगिनी ना? अमेरिकेची?"

"हौ."

"बैस बाळ. तिथं नक्को, हितं बैस, माझ्यासमोर."

योगिनी बसली. सावित्रीबाईंनी उशाखालून मोबाईल काढला आणि सरावानं बोट फिरवून तिच्यापुढं धरला. "वकिलानं कुलदीपला पाठवलंय. बघ."

तेच दार होतं. तीच म्हातारी, तोच खोका. त्या खोलीत मोठ्या पडद्यावर पाहिलेलं ते सगळं आता तळहाताएवढं झालं होतं आणि त्यामुळे जास्तच जवळ आलं होतं. मुलगा वाकला. हात पुढं गेला आणि छातीशी परत आला.

"काय करूलालाय सांग बरं?" सावित्रीबाईंनी विचारलं.

"पाया पडतोय," योगिनी म्हणाली. दोन शब्द. उच्चारायला काहीच लागलं नाही.

"हौ की नाई? शेजारची लहान पोरगी बी हेच म्हणली. आमच्यात रीत हाय बाळ. मोठ्या माणसाच्या हातनं काही घ्यायचं तर आधी वाकायचं, मग घ्यायचं. ह्याचं तर जरा जास्तच होतं. कोटीच्या बाजारात भाजीवाल्या म्हातारीकडनं कोथिंबीर घेतली तरी वाकायचा. गल्लीतले पोट्टे हसायचे त्याला. मीच म्हणायची, अरे सगळ्यांच्याच काय पाया पडतोस, म्हातारी भाजीचा भाव वाढवेल." त्या क्षणभर हसल्यासारख्या झाल्या. "आणि वकील सांगतो, तोंड लपवलं म्हणून त्याला पकडून ठेवलं. खाली वाकून कुठं तोंड लपतं का?"

खाली गल्लीत कुणी तरी कुणाला तरी तेलुगूत हाका मारत होतं.

"तेवीस जण होते म्हणे," सावित्रीबाई पुढं म्हणाल्या. "माझ्या पोराला बोलावलं नाई, त्याच्या वकिलाला बोलावलं नाई. ह्यांनीच बघितलं आणि ह्यांनीच ठरवलं. ठीक हाय, त्यांच्या देशाचा कायदा. माझं एवढंच म्हणणं हाय बाळ. तेवीस जणात एकाला तरी वाटलं का, हे पोरगं तसलं नाई म्हणून? एकाला तरी? एक जरी असला तरी मला पुरं."

"मावशी, ते गुपित असतं. कुणालाच कळत नाही."

"सगळे हेच सांगतात." सावित्रीबाईंनी मोबाईल उशाखाली सरकवला आणि तोंड भिंतीकडं केलं. चिडून नव्हे. दुकानात पाहिजे ती वस्तू नाही म्हटल्यावर गिऱ्हाईक वळतं तसं, सवयीनं. रेणू दुधाचा पेला घेऊन आली होती. ती दारातच थबकली आणि तिनं योगिनीकडं पाहिलं. त्या पाहण्यात राग नव्हता, नुसता थकवा होता.

खरं सांगावं तर योगिनीत तेवढी हिंमत नव्हती. गप्प बसावं तर समोर ती पाठ होती, लुगड्यातून मणके दिसणारी. अशा वेळी माणूस तिसरी वाट काढतं आणि ती बहुतेक वेळा खोट्याचीच असते.

"एक होती," योगिनी म्हणाली.

सावित्रीबाई वळल्या. भामाबाईही वळल्या.

"माझ्या ओळखीची आहे. त्या तेविसांत होती. तिनं मला सांगितलं. सांगायचं नसतं, पण सांगितलं. तिनं हात वर केला नाही."

"खरं?"

"हो, मावशी."

"का नाई केला?"

"तिला कळलं होतं, तो पाया पडतोय ते."

सावित्रीबाईंनी यावर विचार केला. दुःखानं माणसाची भूक जाते, अक्कल जात नाही. "गोऱ्या बाईला कसं कळलं?"

"ती गोरी नाही," योगिनी म्हणाली. आता पाय चिखलात गेलाच होता. "आपल्याकडची आहे."

"आपल्याकडची." सावित्रीबाईंनी तो शब्द पुन्हा पुन्हा पुटपुटून पाहिला. मग त्यांचा चेहरा हळूहळू मोडला आणि त्या रडायला लागल्या. आधी आवाज नव्हता, मग मोठ्यानं, हुंदक्यांनी हलत. भामाबाईंनी त्यांना धरलं. रेणू दारातच तोंडात पदर कोंबून उभी राहिली, कारण दसऱ्यापासून या घरात हे रडणं अडून राहिलं होतं. बऱ्याच वेळानं सावित्रीबाई शांत झाल्या, नाक पुसलं आणि स्वतःच हात पुढं केला. रेणूनं दुधाचा पेला दिला. त्यांनी तो पूर्ण पिऊन टाकला.

भामाबाईंनी योगिनीच्या पाठीवर हात ठेवला. शाबास, असं तो हात म्हणत होता. आणि योगिनीला, सांगायला लाज वाटते, पण हलकं वाटलं. शपथ मोडली होती, वर खोटं बोलली होती, पण एका बाईच्या पोटात पेलाभर दूध गेलं होतं. कितीतरी महिन्यांत पहिल्यांदाच तिला त्या गुरुवारकडं सरळ बघता आलं. मनात तर तिनं तो हात खालीच ठेवून पाहिला, आणि तो खालीच होता असं घटकाभर तिलाही खरं वाटलं.

सावित्रीबाई रिकामा पेला धरून बसल्या होत्या. "मग काय बोलली ती?" त्यांनी विचारलं.

"कुणाला?"

"बाकीच्यांना. की तो पाया पडूलालाय म्हणून. तिला कळलं, तर तिनं त्यांना सांगितलं असेल की."

यालाही उत्तर होतं. सांगितलं होतं मावशी, पण त्यांनी ऐकलं नाही. एक खोटं बोलून झालं होतं, दुसरं त्याहून सोपं होतं. पण योगिनीची जीभ उचलेना. समोरच्या रांगेतला तो माणूस तिच्या डोळ्यांसमोर आला, मागं वळून बघणारा. तिला आज पहिल्यांदाच कळलं की तो चांगल्या मनानं बघत होता. त्याला काही समजलं नव्हतं, आणि समजावून सांगणारं कुणी असेल तर ती असेल, म्हणून तो वळला होता. त्यांनी ऐकलं असतं. निदान बारा हात वर झाले नसते. ऐकलं नाही असं म्हणणं म्हणजे स्वतःचा दोष त्यांच्यावर ढकलणं होतं.

"नाही," ती म्हणाली. "बोलली नाही."

"काहीच नाई?"

"नाही."

"कुणी विचारलं नाई का तिला?"

"सगळ्यांनाच विचारलं होतं. कुणाला काही विचारायचंय का म्हणून."

"मग?"

"ती गप्प बसली."

सावित्रीबाईंनी पेला खाली ठेवला. भामाबाई काही तरी बोलायला गेल्या, भ्याली असेल बिचारी, परका मुलूख, असं काही तरी. सावित्रीबाईंनी हातानंच त्यांना थांबवलं.

"त्या बाकीच्यांवर लई राग होता माझा," त्या म्हणाल्या. आवाज रडून बसला होता, पण शांत होता. "दिवसरात्र शिव्या दिल्या त्यांना. आज गेला तो राग. त्यांच्यात कुणी कुणाच्या पाया पडत नाई, त्यांना काय ठाऊक? आंधळ्यासमोर काही धरलं आणि त्याला दिसलं नाई तर त्याला काय म्हणायचं? त्यांचं काही नाई. पण हिला दिसत होतं."

योगिनीनं खाली ठेवलेला पेला उगाच भिंतीशी सरकवला.

"तू बरं केलंस बाळ, आलीस. इतके लोक येऊन गेले, कुणी काही सांगितलं नाई. तू सांगितलंस." सावित्रीबाईंनी पुढं सरकून तिचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. त्यांचे हात हाडकुळे आणि ऊन होते. "तुला ती भेटते का, ती बाई?"

"भेटते."

"मग माझा निरोप सांग तिला. म्हणावं, तुझा तो हात वर झाला काय, नाई झाला काय, माझ्या पोराला त्याचा काय उपयोग? तो वर केला असतास तरी मी काही म्हणले नसते. पण तोंड उघडायचं होतंस. आणि तिला म्हणावं, बाकीच्यांना मी सोडलं, तुला नाई सोडणार. मरेपर्यंत नाई." त्यांनी योगिनीच्या डोळ्यांत पाहिलं. त्या डोळ्यांत तिच्याबद्दल नुसती माया होती. "अस्संच सांग. काही कमी नक्को करू. सांगशील ना बाळ?"

"हो मावशी," योगिनी म्हणाली. "सांगते."